भिंगाच्या पाकिटावरचा आकडा

भिंग हातात घेण्याआधी मुलं पाकीट वाचतात. नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत दहावीचा तास चालू होता. प्रयोग नेहमीचाच, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा. खिडकीबाहेरच्या गुलमोहराची उलटी, इवलीशी प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची, ती सर्वांत ठळक दिसेल तिथे कागद थांबवायचा आणि भिंगापासूनचं अंतर पट्टीने मोजायचं. पाकिटावर '10 सेमी' असा शिक्का होता. पाचेक मिनिटांत वह्या भरल्या. 10.0, 10.1, 9.9. सरासरी दहा.

एका मुलीला विचारलं, हे मधलं 10.1 कसं आलं? ती सरळ म्हणाली, "तिन्ही दहा लिहिले की सर ओरडतात. थोडं इकडंतिकडं करावं लागतं."

पुढच्या तुकडीच्या वेळी सरांनी खोडी काढली. पंधरा सेंटिमीटरची भिंगं दहाच्या पाकिटांत घातली आणि काही न बोलता वाटून टाकली. दहावर कागद धरला की नुसता हिरवट डाग पडत होता, झाड कुठेच नव्हतं. तरी बहुतेक वह्यांत दहाच उतरले. एका गटाने मात्र हात वर केला. "सर, आमचं भिंग खराब आहे. बदलून द्या ना."

"त्या गटाला मी पैकीच्या पैकी दिले," सर नंतर म्हणाले. "निदान त्यांना डाग दिसला तरी."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो 'पुरावा'. पुरावा म्हटल्यावर माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढेल, मी शाळांच्या चढलो. एखादी गोष्ट खरी की खोटी हे कसं तपासायचं, ते आपल्याकडे बहुतेकांना आयुष्यात एकदाच शिकवलं जातं, आणि तेही दहावीपर्यंतच्या विज्ञानाच्या तासाला. पुढे कुणी कॉमर्सला जातो, कुणी आयटीआयला, कुणी बापाच्या द्राक्षबागेत. विज्ञानाशी संबंध सुटला तरी तपासण्याची गरज काही सुटत नाही. ती गरज भागेल असं शाळेत काही मिळतं का, हे बघायचं होतं.

सहा मथळ्यांची वही

प्रयोगवहीची रचना सगळ्यांना तोंडपाठ आहे. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. छापील वह्या मिळतात, त्यात आकृतीही तयार असते आणि रकान्यांत फक्त आकडे भरायचे असतात. मुलं ही वही कोणत्या क्रमाने भरतात ते एकदा शेजारी बसून बघावं. आधी अनुमान, कारण ते पुस्तकात आहे. मग अनुमानाला साजेलसं निरीक्षण. उरलेल्या वेळात कृती, मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीतून. 'रीडिंग बसवणं' हा शब्दप्रयोग शाळेपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत सर्रास ऐकू येतो आणि तो उच्चारताना कुणी आवाज खाली आणत नाही.

यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग मन लावून का करावा, याचं कारण त्यांना कुणी दिलेलं नसतं. पुस्तकात 'निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष' अशी साखळी असते आणि ती चार गुणांच्या प्रश्नासाठी पाठ होते. या साखळीत जी गोष्ट गळते तीच खरी कळीची आहे: प्रयोग करण्याआधी, काय आलं तर माझं म्हणणं चुकलं असं मी मानेन, हे ठरवून ठेवणं. ते ठरलेलं नसेल तर कुठलाही निकाल आपल्या बाजूचा करून घेता येतो. हुशार माणसाला तर ते फारच छान जमतं.

वहीतून सुटका म्हणून विज्ञान प्रदर्शनाकडे बघावं, तर तिथे दुसरीच गंमत. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतलेला ज्वालामुखी, थर्माकोलचं धरण, ठिबक सिंचनाचं मॉडेल. देखणी असतात, रात्र रात्र जागून वडिलांनी केलेली असतात. पण एकाही टेबलावर प्रश्न नसतो. मुलगा आपला पाठ केलेला परिच्छेद म्हणून दाखवतो आणि परीक्षक पुढे सरकतात.

प्रश्न विचारायला लावणाऱ्या काही चांगल्या वाटा आहेत. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने 1981 पासून चालवलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि पुढे कृतिसंशोधनाचा प्रकल्प करावा लागतो. 1993 पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायचा असतो. दोन्हींमधून फार चांगली मुलं घडली. पण स्पर्धा म्हटली की क्लास आलाच. कृतिसंशोधनाचे विषय 'सुचवून' अहवालाचा साचाही हातात देणारे क्लास आता सगळ्याच शहरांत आहेत. संशोधन शिकवण्याच्या नावाखाली संशोधनच तयार करून द्यायचं, हे आपल्यालाच सुचू शकतं!

कांद्याची मान

निफाड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मात्र मला खरा प्रश्न भेटला. आठवीचा वर्ग. जवळजवळ प्रत्येकाच्या घरी कांदा. उन्हाळ कांदा एप्रिलच्या आसपास निघतो आणि भाव मिळेपर्यंत चाळीत पडून राहतो. त्यातला किती सडतो यावर घरचं वर्ष ठरतं. काढणीनंतर पात कापताना मान किती ठेवायची, यावर गावात दोन तट आहेत. विज्ञानाच्या बाईंनी हाच वाद वर्गात घेतला.

मुलांनी तीन क्रेट भरले. पहिल्यात मान बुडापासून उडवलेले कांदे, दुसऱ्यात बोटाच्या दोन पेरांएवढी मान ठेवलेले, तिसऱ्यात पातीसकट. दर आठवड्याला वजन करायचं आणि सडलेले वेचून मोजायचे. पण क्रेट भरण्याआधी बाईंनी प्रत्येकाकडून एका कागदावर लिहून घेतलं: तुला काय होईल असं वाटतं, आणि काय झालं तर तू तुझं म्हणणं सोडशील? कागद घडी घालून डब्यात. एका मुलाने लिहिलं होतं, 'आजोबा म्हणतात ते खोटं निघणार नाही.' बाईंनी तो परत दिला. "हे उत्तर नाही झालं. काय दिसलं तर खोटं निघेल, ते लिही."

काही आठवड्यांत बुडापासून मान उडवलेल्या क्रेटमध्ये सड जास्त दिसली. मुलं खूश. आजोबांचं म्हणणं तेच होतं आणि त्यामागचं कारणही पटण्यासारखं आहे. मान फार आखूड कापली की जखम उघडी राहते, नीट मिटत नाही आणि तिथूनच बुरशी शिरते. बाई मात्र क्रेट कुठे ठेवलेत ते बघायला गेल्या. सड जास्त असलेला क्रेट पत्र्याच्या गळक्या कोपऱ्याखाली होता.

"आता सांगा, कांदा मानेमुळे सडला की पाण्यामुळे?"

वर्ग गप्प. मग मागून एकजण म्हणाला, "बाई, तिन्ही क्रेट आळीपाळीने त्या कोपऱ्यात ठेवू." दुसरीने त्याला खोडून काढलं. तिचं म्हणणं, प्रत्येक क्रेटमध्येच तिन्ही प्रकारचे कांदे घालायचे, वेगवेगळ्या रंगाची सुतळी बांधून, म्हणजे पाणी पडलं तरी सगळ्यांवर सारखंच पडेल. शेतीच्या प्रयोगांत 'ब्लॉक' पाडण्याचं जे तंत्र आहे, त्याचं हे बीज. ते तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, गळक्या पत्र्याने शिकवलं. दुसऱ्या फेरीत आखूड मानेचे कांदे पुन्हा जास्त सडले, पण फरक पहिल्या फेरीपेक्षा बराच कमी निघाला. वहीत दोन्ही फेऱ्या लिहिल्या आहेत, पहिली खोडलेली नाही.

याच मुलीचे वडील द्राक्षबागायतदार. लेकीचं काय चाललंय ते बघायला शाळेत आले होते. म्हणाले, "यात नवीन काय? दुकानदार सांगतो सगळ्या बागेत मारा. आम्ही नवीन औषध मारताना दोन ओळी सोडतो. नाहीतर भुरी औषधाने गेली की हवा बदलली म्हणून गेली, कळायचं कसं?" विद्यापीठातली मंडळी ज्याला नियंत्रित गट म्हणतात, तो या माणसाच्या बागेत दर हंगामात उभा असतो. शाळेने त्याला कधी वर्गात बोलवलं नाही, इतकंच.

नाशिकच्या मातीतलं आणखी एक उदाहरण इथे आठवतं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी, 1912 मध्ये, 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरून रोज त्याची एक चौकट टिपायची, महिनाभराहून अधिक काळ. भांडवल देणाऱ्याला हे तंत्र चालतं हे डोळ्यांनी दाखवायचं होतं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचं स्मारक आहे आणि तिथे शाळांच्या सहली येतात. वाटाण्याची ही गोष्ट मुलांना सांगणारा कुणी मला तिथे भेटला नाही.

आठ पेले पाणी

शहरातल्या एका शाळेत वाद वेगळा होता. नववीतली निम्मी मुलं घरून 'आरओ'चं पाणी आणतात आणि नळाचं पाणी आपल्याला चवीवरून लगेच ओळखू येतं, असं छातीठोक सांगतात. सरांनी आठ पेले मांडले. चारमध्ये आरओचं पाणी, चारमध्ये महापालिकेचं, दोन्ही सारख्याच तपमानाचं. पेले भरले एका मुलाने, दुसऱ्या खोलीत. ते आणून ठेवले दुसऱ्याने, ज्याला कुठल्या पेल्यात काय आहे ते माहीत नव्हतं. चेहऱ्यावरून उत्तर फुटू नये म्हणून ही काळजी. चाखणाऱ्याने आरओचे चार पेले वेगळे काढायचे.

ही युक्ती रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाची. रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करताना एका बाईंनी त्याला सांगितलं की कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. फिशरने हाच प्रसंग 1935 च्या आपल्या पुस्तकात प्रयोग कसा आखावा हे समजावण्यासाठी वापरला. आठांतून चार पेले निवडण्याचे 70 प्रकार होतात, त्यातला एकच पूर्ण बरोबर. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता 70 मध्ये 1.

पहिल्या मुलाने चारांतले तीन बरोबर काढले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरांनी टाळ्या थांबवून फळ्यावर हिशेब मांडला. चारांतले तीन बरोबर येतील असे प्रकार 16, चारही बरोबर येण्याचा 1, एकूण 17. सत्तरात सतरा. म्हणजे डोळे मिटून पेले उचलणाऱ्या चारांतल्या जवळपास एकाला एवढं यश मिळणारच. "मग तुझ्या जिभेला शाबासकी द्यायची की नशिबाला?" मुलगा वैतागला. "सर, मला खरंच चव लागली!" सर म्हणाले, "लागली असेल. पुन्हा कर. आणि या वेळी चारही बरोबर आले तरच मानायचं, हे आत्ताच ठरवू."

मला हा तास सर्वांत आवडला. त्यात कुणाला खोटं पाडायचं नव्हतं. आपली खात्री आणि आपला पुरावा यांत किती अंतर असू शकतं, हे एका मुलाला सगळ्या वर्गासमोर, पण मानहानी न होता कळलं.

नारळीकरांची परीक्षा

असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रात झालेला आहे. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला 94 वं मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आलं नाही. विज्ञान लिहिणारा माणूस संमेलनाध्यक्ष झाला याचं कौतुक तेव्हा भरपूर झालं. पण त्यांनी केलेली फलज्योतिषाची चाचणी शिकवण्याचा विषय म्हणून किती उत्तम आहे, हे मात्र शाळांपर्यंत पोचलं नाही.

सांख्यिकीचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा आतून अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे त्यांच्यासोबत होते. प्रश्न सुटसुटीत ठेवला होता: कुंडली पाहून मूल बुद्धिमान आहे की मतिमंद, एवढं ज्योतिषी सांगू शकतो का? शाळांतून 100 हुशार मुलांची आणि विशेष शाळांतून 100 मतिमंद मुलांची जन्मवेळ गोळा केली, 200 कुंडल्या तयार केल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि त्यांची सरमिसळ केली. कोणती कुंडली कुणाची, हे ना ज्योतिषाला माहीत, ना कुंडली पाठवणाऱ्याला. प्रत्येक ज्योतिषाकडे 40 कुंडल्या. नाणं उडवलं तरी वीसेक बरोबर येणार, त्यामुळे योगायोगाच्या पलीकडचं यश म्हणायचं तर निदान 28 बरोबर यायला हवेत.

जाहीर आवाहनानंतर 51 ज्योतिषी पुढे आले, त्यातल्या 27 जणांनी उत्तरं पाठवली. सर्वाधिक गुण 24. सगळ्यांची मिळून अचूकता 46 टक्के. एका ज्योतिष संस्थेने तर सगळ्या 200 कुंडल्या तपासल्या आणि 102 बरोबर सांगितल्या, म्हणजे 51 टक्के. निकाल 2008 मध्ये पुण्यात जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी 'करंट सायन्स'मध्ये सविस्तर छापून आला.

सत्तरात सतराचा हिशेब ज्याला कळला त्याला हे 51 टक्के समजवावे लागत नाहीत. सरांनी नववीला ही चाचणी सांगितली तेव्हा निकालाआधी त्यांनी वर्गाला एक काम दिलं: तुम्ही ज्योतिषाचे वकील आहात, या प्रयोगात खोट काढा. मुलं तुटून पडली. नामांकित ज्योतिषी आलेच नसतील तर? जन्मवेळा चुकीच्या नोंदलेल्या असतील तर? हुशार म्हणजे नेमकं किती हुशार? आक्षेप रास्त आहेत आणि त्यांना उत्तर शोधायचं तर नवी चाचणी आखावी लागते. वर्गातल्या निम्म्या घरांत पत्रिका पाहिल्याशिवाय लग्न ठरत नाही, आणि त्र्यंबकेश्वर तर तासाभराच्या अंतरावर. तिथे कालसर्पशांतीसाठी देशभरातून माणसं येतात. सरांनी कुणाच्या घरच्या पत्रिकेवर शब्द काढला नाही. तसा काढला असता तर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत पालक बसलेले दिसले असते.

रामकुंडाचं पाणी

आणखी एका शाळेतल्या बाई माझ्याशी बोलल्या त्या नाव न लिहिण्याच्या बोलीवर. सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, रामकुंडात अस्थी विरघळतात ते खरं का?" गोदाकाठच्या अस्थिविलय तीर्थाबद्दल अशी श्रद्धा आहे आणि नाशिकमधल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी तिथे जाऊन आलेलं असतं. त्या मुलीची आजीही तिथेच गेली होती.

बाईंनी दोन दिवस मागून घेतले. मग वर्गाला म्हणाल्या, "श्रद्धेबद्दल आपण काही बोलणार नाही. पाण्यात हाडाचं काय होतं, एवढंच बघू." तीन बरण्या मांडल्या: कुंडाचं पाणी, नळाचं पाणी आणि व्हिनेगर. तिन्हींत कोंबडीचं एकेक हाड. काही दिवसांनी व्हिनेगरमधलं हाड रबरासारखं वाकू लागलं, कारण हाडाला कडक करणारी खनिजं आम्लात विरघळली. दोन्ही पाण्यांतली हाडं होती तशीच.

इथे संपलं असतं तर तो चांगला धडा झाला असता, फार काही नाही. पण एक मुलगा उठला. "बाई, पण अस्थी जळालेल्या असतात. ही तर कच्ची हाडं आहेत." अख्ख्या प्रयोगाला त्याने एका वाक्यात खिंडीत गाठलं. दावा एका गोष्टीबद्दल आणि चाचणी दुसऱ्याच गोष्टीची! मोठमोठ्या औषधांच्या चाचण्यांवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतले कितीतरी याच जातीचे असतात.

मग बाईंनी हाड घरी शेगडीवर पांढरं होईपर्यंत भाजून आणलं. ते इतकं ठिसूळ झालं होतं की पाण्यात पडून थोडं हलवलं की त्याचा चुरा व्हायचा आणि चुरा तळाशी बसून दिसेनासा व्हायचा. "विरघळलं!" अर्धा वर्ग ओरडला. बाईंनी पाणी फडक्यातून गाळलं, फडकं वाळवलं, चुरा तराजूवर ठेवला. जवळजवळ सगळा तिथेच होता. त्यांनी फळ्यावर अनुमान लिहिलं नाही. जिने प्रश्न विचारला होता तिने वहीत लिहिलं, 'दिसत नाही म्हणजे विरघळलं असं नाही, गाळून बघावं लागतं.' पुढे सिंहस्थ येतोय, कुंडावर लाखो लोक उतरतील, आणि ही बाई या प्रयोगाबद्दल आपलं नाव छापून येऊ नये म्हणून हात जोडते. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे असं आपल्या संविधानात 1976 पासून लिहिलेलं आहे.

वेळ कुठे आहे?

ज्या शिक्षकांशी बोललो, ते सगळे या एका वाक्यावर येऊन थांबले. आठवड्याचे तास मोजके, अभ्यासक्रम लांबलचक, त्यात निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं. कांद्याचा प्रयोग महिनोनमहिने चालला आणि त्यातून परीक्षेचा एकही प्रश्न सुटला नाही. बाईंनी तो शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर केला.

ही अडचण जुनीच आहे आणि ती सोडवून दाखवणारेही होऊन गेले. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत 1972 मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने पुस्तकांतून उत्तरंच काढून टाकली होती. मुलांनी प्रयोग करायचा आणि उत्तर आपणच लिहायचं. लेखी परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची मुभा, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा खरोखरीची. तीस वर्षं तो सरकारी शाळांत चालला, हजारभर शाळांपर्यंत गेला आणि 2002 मध्ये सरकारने बंद केला. आपल्याकडे, नाशिकच्या शेजारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या वि. गो. कुलकर्णींनी सत्तरच्या दशकात खेड्यातल्या शाळांबरोबर काम केलं. पुस्तकाची बोजड भाषाच मुलांच्या आड येते, हे केंद्राने त्या काळात लावून धरलं. दोन्हीकडचा अनुभव हेच सांगतो की शिक्षकाला हौस असून भागत नाही. परीक्षेत ज्याला गुण, तेवढंच वर्गात टिकतं.

दहावीच्या विज्ञानात लेखी परीक्षेचे 80 गुण आहेत आणि प्रात्यक्षिकाचे 20. राज्य मंडळाकडे माझी मागणी त्या 20 गुणांपुरतीच आहे. प्रयोगवहीत सातवा मथळा घाला, 'काय आलं तर माझं म्हणणं चुकलं', आणि तो प्रयोगाआधी भरून घ्या. पाच गुण त्याला द्या. रीडिंग पुस्तकाशी जुळलं नाही आणि का जुळलं नाही हे विद्यार्थ्याने धडपणे लिहिलं, तर त्याचा एकही गुण कापू नका. याला नवी प्रयोगशाळा लागत नाही की नवं पुस्तक लागत नाही. परीक्षकांना दरवर्षी जाणाऱ्या सूचनापत्रात दोन ओळी वाढवाव्या लागतील.